हातमोज्यांवरची हरकत

"तो नवा लेखापरीक्षक माझ्या हातमोज्यांवर अंडी उबवत बसलाय," लिफ्टमधल्या अनोळखी माणसाला ती तावातावानं सांगत होती. लष्कराच्या खरेदी विभागात ती अधिकारी. बर्फातल्या चौक्यांवर जाणारा रस्ता बंद व्हायच्या आत हातमोजे पोचले नाहीत, तर जवानांची बोटं जाणार होती. "म्हणे, सगळ्यात स्वस्त का नाही घेतले? स्वतः घालून बघ म्हणावं."

"कितवा मजला?" त्यानं विचारलं.

"तिसरा."

"मीही तिथेच... अंडी उबवायला."

धरणीनं पोटात घ्यावं असं तिला झालं, पण लिफ्टमध्ये धरणी कुठून आणायची?

पठ्ठ्या मात्र खरंच घालून बघायला आला. गोदामाच्या थंड खोलीत त्यानं स्वस्तातले हातमोजे चढवले. शिवण उसवली, बोटं निळी पडली. तिनं न विचारता ती आपल्या तळहातांत धरली...

"हरकत मागे घेतो," तो हळूच म्हणाला.

"आधी हात मागे घ्या," ती म्हणाली. पण सोडला तिनंही नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं सांगितलं — तिचं प्रकरण त्यानं साहेबांना सांगून दुसऱ्या लेखापरीक्षकाकडे द्यायला लावलं होतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आता पुन्हा पहिल्यापासून? का?"

"माझे हितसंबंध आहेत यात."

"त्या स्वस्तवाल्याशी?"

"छे..." त्याचे कान लाल झाले. "तुमच्याशी."

तिला आनंद झाला, आणि त्याचाच जास्त राग आला. "म्हणजे माझ्याआधी तुमच्या साहेबांना कळलं! आणि तुमच्या प्रेमापायी तिकडे जवानांनी हात चोळत बसायचं?"

"मी मंजुरी दिली असती, तर उद्या कुणीही बोट दाखवलं असतं. ऑर्डरच रद्द झाली असती."

खरं होतं. म्हणून तर ते इतकं झोंबलं.

"मोजे पोचेपर्यंत माझ्याशी बोलायचं नाही."

"आणि पोचल्यावर?"

"मी बोलेन. तुम्ही मुकाट ऐकायचं."

नव्या लेखापरीक्षकबाईंनी तिला अक्षरशः रडकुंडीला आणलं. दातओठ खात तिनं एकेका प्रश्नाला उत्तर दिलं. शेवटच्या चौकीवरून मोजे मिळाल्याचा निरोप आला, तशी ती तडक त्याच्या टेबलापाशी गेली. सगळं ऑफिस बघत होतं. भांडायला म्हणून घोकून आणलेलं एकही वाक्य तिला आठवेना.

"लग्नाचं तरी आधी मला विचारा," ती म्हणाली. "साहेबांना नंतर."