दहावी टाचणी

या, बसा. हेल्मेटं त्या कोनाड्यात ठेवा, आरामखुर्चीवर नकोत. त्या खुर्चीवर या घरात कुणी काही ठेवत नाही.

तर डोंगर आणि वाळवंट एकाच फेरीत करायचंय म्हणता? करा की! तुमच्या वयात नाही तर कधी? मी मात्र ती फेरी बावन्नाव्या वर्षी केली, एकटीने, दोन्ही गुडघे कुरकुरत असताना. बावीस वर्षं लोकांना मोटारसायकल शिकवतेय मी. क्लच सोडताना ज्यांना घाम फुटायचा अशी निम्मी पोरं-पोरी आज माझ्या नाकासमोरून भुर्रकन जातात आणि हॉर्नसुद्धा वाजवत नाहीत. असो. मार्ग मी आखून देईन. माझी एकच अट आहे. फेरीभर दोन्ही हात एकदम वर करायचे नाहीत. घाटमाथ्यावर फोटो काढतानासुद्धा नाही. हसू नका. आधी भिंतीवरचा हा नकाशा बघा. हात लावू नका, नुसता बघा.

हा नकाशा माझ्या दादाचा. दादा रस्त्यांचा मोजणीदार होता. तुम्ही ज्या रस्त्याने डोंगर चढून पलीकडे वाळवंटात उतरणार ना, तो सबंध रस्ता त्याने पायी मोजलाय. काय माणूस होता! घाटातलं वळण न् वळण तोंडपाठ. "सतराव्या वळणाला उजवीकडे बघ," म्हणायचा, "पण आधी गाडी थांबव. चालवता चालवता बघायला गेलीस तर जरा जास्तच जवळून दिसेल." कुठे बर्फाचं पाणी रस्त्यावरून वाहतं, कुठे सकाळी दहानंतर वारा आडवा लागतो, कुठे डोंगराचा रंग संध्याकाळी गुलाबी होतो, सगळं डोक्यात. मला मोटारसायकल शिकवली तीही त्यानेच, घरचे नको नको म्हणत असताना.

दोन वर्षांपूर्वी त्याला अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. डावा हात मांडीवर ठेवला की ठेवलेला राहायचा. आवाज खोल गेला होता, हाक ऐकू यायची नाही. म्हणून काही हवं असलं की तो उजवा हात वर करायचा आणि वहिनी हातातलं काम टाकून यायची. दिवसातून पंचवीसदा तरी तो हात वर व्हायचा. एवढा डोंगर तुडवलेला माणूस त्या खुर्चीत बसून असायचा.

फेरीची कल्पना माझी, पण आखणी त्याची. तो खुर्चीतून सांगायचा आणि मी स्टुलावर चढून टाचण्या टोचायची. नऊ मुक्काम, नऊ लाल टाचण्या. डबी नवीकोरी होती, बारा टाचण्यांची. तीन उरल्या. शिकवण्याचा धंदा माझा, मोजल्याशिवाय राहवत नाही. टाकीत किती पेट्रोल मावतं, दोन पंपांमध्ये अंतर किती, चाक पंक्चर झालं तर सावली कुठे मिळेल, सगळं त्याने लिहून घ्यायला लावलं. त्याच्या डोळ्यांत कितीतरी दिवसांनी जीव आला होता. फक्त एका ठिकाणी तो अडला. वाळवंटात एक पांढरं मैदान आहे, खाऱ्या मातीचं. रस्ता त्याच्या मधून जातो.

"तिथून नको," दादा म्हणाला. "वळसा घालून जा."

"अरे, ऐंशी किलोमीटरचा वळसा! रस्ता तूच मोजलास ना?"

"वळसा," तो पुन्हा म्हणाला. मी निमूटपणे वळसा आखला.

दुसऱ्या दिवशी दुपारी नकाशावर दहा टाचण्या होत्या. दहावी बरोब्बर पांढऱ्या मैदानाच्या मधोमध. मी वहिनीकडे बघितलं. वहिनी म्हणाली, "मला कशाला त्यातलं कळतंय? तूच लावली असशील." डबीत दोनच उरलेल्या. मी दहावी काढून डबीत टाकली, झाकण घट्ट लावलं आणि भांडी विसळायला गेले. परत येते तर टाचणी पुन्हा नकाशावर. पण मैदानात नव्हती. थोडी अलीकडे, रस्त्यावरच, आमच्या बाजूला सरकलेली.

दादा टक लावून तिच्याकडे बघत होता. चेहरा घामाने डबडबलेला.

मी आधी चेष्टेवारी नेलं. मग दोन दिवस डोळ्यांत तेल घालून बसले. खोलीत एक वास यायला लागला होता, तापलेल्या कोरड्या मातीचा, घशाला लागणारा. खिडक्या उघडल्या तरी जाईना. आणि मधूनच एक आवाज. ठक्. दगडावर लोखंडी टोक टेकवावं तसा. पहिल्या दिवशी इतका लांबून, की मला वाटलं पलीकडच्या गल्लीत कुणी बांधकाम काढलंय. दुसऱ्या दिवशी तो आमच्या गल्लीत होता. मी सुतळीने मोजलं. टाचणी प्रत्येक वेळी सारख्याच अंतराने पुढे यायची. वाळवंट संपवून, घाट चढून, घाट उतरून. माझ्याच आखलेल्या रस्त्याने, उलटी, घराकडे.

कशाने सरकते तेही शेवटी दिसलं. दादाने पाणी मागायला हात वर केला. ठक्. टाचणी सरकली.

मी त्याच्याकडे वळले, तर त्याने उजवा हात मांडीखाली दडपून ठेवला होता. स्वतःच्या हातावर बसला होता माझा भाऊ.

"सकाळपासून पाणी नाही मागितलं त्यांनी," वहिनी दारातून म्हणाली. "जेवणाला पण हात वर केला नाही. आत्ता कुठे केला बघ. काय झालंय गं यांना?"

मी स्टूल ओढून त्याच्यापुढे बसले. "दादा, मला सांग. कोण आहे?"

तो हळूहळू बोलायला लागला.

"खांब म्हणायचो आम्ही त्याला… माझा झेंडीवाला. लाल-पांढरी काठी धरून उभा राहायचा, मी दुर्बिणीतून बघायचो. एकदा उभा राहिला की पापणी हलायची नाही… अंतर लांब, हाक पोहोचत नाही. सगळं हाताने. मी एक हात वर केला की काठी उचलून पुढच्या ठिकाणी जायचं. दोन्ही हात वर केले की काम संपलं, सुटी. आणि हात वर झालाच नाही… तर हलायचं नाही."

"मग?"

"आम्ही त्या टोकाकडून इकडे मोजत येत होतो. पांढऱ्या मैदानात वाळूचं वादळ आलं. मी दुर्बिणीपाशीच पडलो. शुद्धीवर आलो तो तंबूत, दुसऱ्या दिवशी. लोकांना वाटलं, खांब माझ्याबरोबर. मला वाटलं, लोकांबरोबर… धावत गेलो तर काठी उभी होती. सरळ. धरणारा नव्हता. चार दिवस शोधला गं…" त्याने नकाशावरच्या पांढऱ्या मैदानाकडे बघितलं. "बाकी सगळे पळाले त्या वादळात. तो पळाला नाही. मी हात वर केला नव्हता ना."

"आणि आता तो…"

"तू टाचण्या लावल्यास. त्याला वाटलं असेल, मोजणी पुन्हा सुरू झाली. मी पाण्यासाठी हात वर करतो आणि तो बिचारा एक टप्पा पुढे येतो. सव्वीस वर्षांनी सुद्धा हुकूम मोडत नाही. त्याला सुटी हवीय… आणि मला दोन हात वर करता येत नाहीत."

"भीती वाटते तुला?"

"भीती कसली? लाज वाटते. असा माणूस मी उन्हात विसरून आलो."

खरं सांगते, माझी मात्र भीतीने गाळण उडाली होती. पण त्या भीतीच्या खाली दुसरंही काही होतं. कोण कुठला तो झेंडीवाला, त्याचं खरं नावसुद्धा मला माहीत नाही, आणि मला त्याच्यापुढे मान खाली घालावीशी वाटली.

मी सुतळी लावून बघितली. टाचणी आणि आमचं गाव, मध्ये एकच टप्पा उरला होता.

वहिनी चहा घेऊन आली. कप दादाच्या उजव्या हाताशी ठेवताना बशी कलंडली आणि गरम चहा त्याच्या मांडीवर सांडला. तो हात झटकन वर गेला. कुणाचाही गेला असता.

ठक्.

उंबरठ्यावर. या आमच्या उंबरठ्यावर, लख्ख दुपारी तीन वाजता. दार सताड उघडं होतं, बाहेर ऊन रखरखत होतं, आणि दारात कुणीही नव्हतं. फक्त पायपुसणं दोन ठिकाणी दबलेलं होतं, टाचा जुळवून कुणी उभं राहावं तसं. तो मातीचा वास इतका दाट झाला की श्वास घेववेना.

"दादा," मी म्हटलं, "खुर्ची दाराकडे वळवते."

मी खुर्ची वळवली आणि मागे उभी राहिले. त्याचा डावा हात मनगटाला धरून उचलला. काय जड होता, आणि गार. माझ्या खांद्यातून कळ गेली. दादाने उजवा हात आपणहून वर केला. दोन्ही हात वर, तळवे दाराकडे.

"झालं रे…" दादा म्हणाला. त्याचा तो खोल गेलेला आवाज इतका स्वच्छ आला की वहिनी रडायलाच लागली. "काम झालं, खांबा… फार उशीर केला मी. सुटी."

भिंतीला काठी टेकवून ठेवावी तसा हलका आवाज आला. पायपुसण्याचे धागे हळूहळू वर आले. वास गेला. नकाशावर नऊ टाचण्या होत्या. दहावी डबीत नव्हती, तिथे दोनच होत्या; खोली झाडून काढली तरी ती सापडली नाही.

त्या रात्री दादा लहान मुलासारखा झोपला. सकाळी मला म्हणाला, "वळसा खोडून टाक. मैदानातूनच जा. त्याची जागा बघून ये."

आठवड्याने मी निघाले. ती फेरी कशी झाली ते काय सांगू! सतराव्या वळणाला गाडी थांबवली आणि दादाला मनातल्या मनात शंभर वेळा शाबास म्हटलं. निळ्या डोंगरांमागे निळे डोंगर, खाली नदीची रेघ, आणि त्या सगळ्यातून नेमका चढत गेलेला माझ्या भावाचा रस्ता. एक वळण फुकट नाही, एक चढ अवघड नाही. पलीकडे उतरले की झाडं संपतात, मग गवत संपतं, मग आवाजही संपतो. इंजिन बंद केलं की स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू येतं.

सहाव्या दिवशी पांढऱ्या मैदानात पोहोचले. चारी बाजूंना पांढरं, वर निळं, मध्ये मी. रस्त्याच्या कडेला दगडासारख्या टणक जमिनीत एक भोक होतं, काठीच्या टोकाएवढं. सव्वीस वर्षांत वाऱ्याने बुजवलेलं नव्हतं. मी गुडघे टेकून त्याला हात लावला. मग उभी राहिले आणि मला त्या जागेचं, त्या दोघांचं इतकं कौतुक दाटून आलं, की मी आभाळाकडे दोन्ही हात वर करून ओरडले, "वा रे वा! शाबास!"

घड्याळात सव्वाबारा झाले होते. वेळा टिपायची दादाने सवय लावली होती, म्हणून माहीत.

संध्याकाळी मुक्कामावरून घरी फोन केला.

"दुपारी गेले गं," वहिनी म्हणाली. "बरे होते. हसत होते. सव्वाबाराला मी पाणी घेऊन गेले, तर त्यांनी दाराकडे बघितलं, तिथे लांबवर कुणी दिसावं तसं. मग म्हणाले, 'चला, सुटी झाली.' आणि दोन्ही हात वर केले… डावासुद्धा. आपला आपण."

वहिनीला मी आजतागायत सांगितलेलं नाही. त्या दुपारी मी काय केलं, ते तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय.

आता जरा जवळ या. रस्त्यावरच्या या नऊ टाचण्या माझ्या मुक्कामाच्या. आणि ह्या इथे दोन बघा, रस्ता सोडून पलीकडे, जिथे नकाशा कोरा आहे. मी परत आले तेव्हा होत्या. दोघी रोज थोड्या पुढे सरकतात, एकमेकींपासून नेमक्या एका टप्प्यावर. तिकडे नवा रस्ता होतोय. बघा ना, रेघ किती सुरेख चाललीय! वळण कुठे घ्यायचं ते दादाला बरोब्बर कळायचं.

तुम्हाला मार्ग याच नकाशावरून उतरवून देते. फक्त टाचण्या तुमच्या तुम्ही आणा. या डबीत एकच उरली आहे, आणि ती मी कुणाला देत नाही. रोज सकाळी उठले की आधी डबी कानाशी धरून हलवून बघते.