अनोख कौरची आंघोळ

"थांबा! ओतू नका... अहो, ओतू नका म्हणतो ना!"

आवाज गवतातून आला. थडग्याच्या दगडाआड एक माणूस पालथा पडला होता. डोळ्याला भिंग, डोक्याला जांभळी पगडी, दाढीत गवताची काडी. तो इतक्या झटक्यात उठला की मी दचकले, स्टीलची बादली कलंडली आणि निम्मी कच्ची लस्सी, म्हणजे दूध घातलेलं पाणी, त्याच्या बुटांत गेली.

"घ्या," मी म्हणाले. "नाही ओतली दगडावर."

"मेहेरबानी." त्यानं बूट काढला आणि त्यातलं दूधपाणी गवतात रिकामं करू लागला. तेही इतक्या गंभीर चेहऱ्यानं, की मला हसू आवरेना.

माझ्यामागे लेस्टरच्या आमच्या गुरुद्वाऱ्यातल्या सात बीबी उभ्या होत्या, आणि सगळ्यांच्या पुढे भुआजी. गुरमेज कौर, माझ्या वडिलांची थोरली बहीण. चार वर्षं झाली, दर बैसाखीला मिनीबस चालवत मीच या सगळ्यांना नॉरफोकमधल्या ऑल्डरवेल गावात आणते. तिथल्या चर्चच्या आवारात लाहोरच्या राजघराण्यातली एक मुलगी झोपली आहे. राजकुमारी अनोख कौर, वय वर्षं पाच. राज्य गेलं, घराणं या परमुलखात आणून ठेवलं, आणि ही पहिल्याच थंडीत गेली. गुरुद्वाऱ्याच्या झेंड्याचा, निशाणसाहिबचा खांब आम्ही दूध घातलेल्या पाण्यानं धुतो ना, तसाच भुआजी हिचा दगड धुतात. एकतीस वर्षं झाली, एकदाही खंड नाही.

"कोण रे तू?" भुआजींनी विचारलं.

"तेगबीर सिंग, बीबीजी. दगड दुरुस्त करतो. चर्चनं बोलावलंय."

"कुणाच्या घरचा?"

"आजोबा केनियात नकुरूला सुतार होते. आता आम्ही वॉल्व्हरहॅम्प्टनचे."

"बरं. आधी बूट घाल. गारठून मरशील."

उरलेलं दूध काही पुरणार नव्हतं. भुआजींनी कुरकुरत नळाच्या पाण्यावर भागवलं, आणि तेवढ्यात त्यानं मला खुणेनं झाडाखाली बोलावलं.

"तुम्ही काय करता?"

"शाळेत रसायनशास्त्र शिकवते. का?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. डोळे तपकिरी होते. बघायचं नव्हतं, पण दिसले. "खडूवर व्हिनेगर टाकलं की काय होतं, मॅडम?"

"फेस येतो. खडू विरघळा..." आणि माझी नजर थडग्याकडे गेली. दगड चुनखडीचा होता. भेगांत मुरलेलं दूध आंबतं, आंबलं की आम्ल होतं. आठवीच्या पोरांना दरवर्षी हाच प्रयोग दाखवणारी मी! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"एकतीस वर्षं..." मी पुटपुटले.

"शेवाळालाही चांगलंच मानवलंय." त्यानं भिंग माझ्या हातात दिलं. "नाव वाचता येतंय. साल येतंय. खालची गुरुमुखीतली शेवटची ओळ मात्र गेली. चर्चकडे तिची नोंद नाही, फोटो नाही. तीन आठवड्यांनी जुन्या थडग्यांचं बघणाऱ्या समितीच्या मिसेस प्रिचर्ड तपासणीला येणार. पुराव्याशिवाय त्या अक्षरं पुन्हा कोरू देणार नाहीत. मग दगड जाईल गोदामात आणि इथं लोखंडी कुंपण."

"आणि भुआजी?"

"कुंपणाबाहेर."

भुआजी वर्षभर या एका दिवसाची वाट बघतात. त्यांना सांगणार कोण, की तुमच्या मायेनंच दगड खाल्ला?

"तुम्ही सांगा," मी म्हणाले. "दगडाचे डॉक्टर तुम्ही."

तो छाती पुढे काढून गेला. दहा मिनिटांनी फॉइलमध्ये गुंडाळलेले दोन मुळ्याचे पराठे घेऊन परत आला.

"सांगितलंत?"

"त्या म्हणाल्या, मी फार वाळलोय." त्यानं पराठ्याचा तुकडा मोडला. "तुम्हीच सांगा. मी आता त्यांचं मीठ खाल्लंय."

पुढच्या दोन्ही शनिवारी मी ऑल्डरवेलला गेले. शेवाळाचे नमुने तपासायला. हो, नमुनेच! घरी मी तेच सांगितलं आणि घरच्यांनी ते ऐकून घेतलं, एवढंच. तेगबीर मात्र दोन्ही वेळा तासभर उशिरा उगवला. फोन केला की ठरलेलं उत्तर: "वाटेत आहे." आमच्यात माणूस 'वाटेत आहे' म्हणाला की समजावं, अजून घरात पगडी बांधतोय.

"तुमची वाट जरा लांबच दिसते," मी दुसऱ्या शनिवारी म्हणाले.

"वाट बघणारं कुणी असलं की लांबते." तो खाली बसून मऊ ब्रशनं दगड झाडत होता. मग मान वर न करता म्हणाला, "किरत... 'तू' म्हटलं तर चालेल?"

"दगडाला?"

"दगडाला मी पहिल्या दिवसापासून 'तू'च म्हणतो."

मी पाठ फिरवली. पण दगडामागच्या ओलसर भिंतीकडे बघत मी इतकी हसत होते की त्याला ते कळलंच असणार.

भुआजींना मी सांगितलं ते तपासणीच्या दोन दिवस आधी. त्या कणीक मळत होत्या. ऐकता ऐकता त्यांचे हात थांबले.

"म्हणजे मीच खाल्लं तिला? या हातांनी?"

"भुआजी, तुम्हाला काय माहीत..."

त्यांनी हात धुतले आणि खोलीत गेल्या. दोन दिवस धड बोलल्या नाहीत. मला स्वतःचा राग आला होता, त्याहून जास्त तेगबीरचा आणि सगळ्या रसायनशास्त्राचा. पण तपासणीच्या सकाळी मी मिनीबसची चावी घेऊन बाहेर आले, तर भुआजी पुढच्या सीटवर पट्टा लावून बसल्या होत्या. बादली नव्हती. मागे सातही बीबी.

"चल," त्या म्हणाल्या. "तिला एकटीला कशी सोडू?"

मिसेस प्रिचर्ड छत्री आणि फाइल घेऊन आधीच उभ्या होत्या. बारीक भुरभुर चालू होती. बाई तुसड्या नव्हत्या, पण नियमाच्या पक्क्या. "शेवटची ओळ?" त्यांनी विचारलं.

"वाचता येत नाही," तेगबीर खाली बघत म्हणाला.

"कोण म्हणतं?" मागून भुआजी कडाडल्या. "मला कुणी विचारलं? एकतीस वर्षांपूर्वी लख्ख दिसत होती. 'मां राह विच है'. आई वाटेवर आहे."

मी इंग्रजीत सांगितलं. मिसेस प्रिचर्ड हळूच म्हणाल्या की त्यांचा विश्वास आहे, पण समितीला आठवण चालत नाही, पुरावा लागतो.

तेगबीरनं मात्र एकदम मान वर केली. "मी तिरका उजेड टाकून बघितलं होतं! पण काय शोधायचं तेच माहीत नव्हतं. आता माहीत आहे... किरत, धाव! गाडीत काळी ताडपत्री आहे!"

मी धावले. पुढच्या दोन मिनिटांत दगडावर ताडपत्री, ताडपत्रीखाली मी, तो आणि एक दिवा. आत मिट्ट काळोख. वर पावसाची टपटप. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता, आणि सरकायला जागा नव्हती. खरं सांगायचं तर मी शोधलीही नाही.

"दिवा खाली... अजून... दगडाला चिकटव. तिथंच. किरत, हात हलतोय तुझा."

"थंडीनं."

"मे महिना आहे."

"इंग्लंडचा!"

"पहिलं अक्षर म!" बाहेरून भुआजींचा आवाज. "पुढे काना, वर टिंब!"

आडव्या उजेडात दगड खडबडीत माळासारखा दिसत होता. आणि मग... एक बारीकशी सावली. एक वळण. एक काना.

"आहे!" आम्ही दोघं एकदमच ओरडलो. बाहेर सात बीबींनी "वाहेगुरू!" केलं.

"र! काना! मग ह!"

"आहे! आहे! ह... हही आहे!" तो आनंदानं बोबडा झाला होता. त्याची बोटं दगडावरून सरकत होती, स्पर्श न करता, आणि दिवा धरलेल्या माझ्या मुठीवर त्याचा दुसरा हात कधी आला ते मला कळलं नाही. कळलं तेव्हा त्यालाही कळलं. दोघंही बोलायचे थांबलो.

"पुढचं सांगा की!" भुआजी. "आत झोपलात काय?"

तेवढ्यात टोपीसकट मिसेस प्रिचर्ड ताडपत्रीत शिरल्या. आम्ही चटकन बाजूला झालो. त्यांनी एकेक सावली निरखली, फोटो घेतले, आणि बाहेर येऊन चष्मा पुसत विचारलं, "पण दूधच का?"

भुआजी बोलल्या, मी इंग्रजीत सांगत गेले. "मी अकरा वर्षांची असताना काकाबरोबर या देशात आले. आई मागून येणार होती. सगळे म्हणायचे, वाटेवर आहे, वाटेवर आहे. तिचे कागद कधी आलेच नाहीत. इथे पहिल्यांदा ही ओळ वाचली, आणि म्हटलं... हिची आई पोचेपर्यंत पोरीला कुणीतरी न्हाऊ घालायला हवं. पोरीला काय नुसत्या पाण्यानं न्हाऊ घालतात?"

शेवटचं वाक्य मला धड सांगता आलं नाही. मी रडत होते. तेगबीर पगडी सारखी करण्याच्या निमित्तानं पाठ फिरवून उभा होता.

मिसेस प्रिचर्डनी फाइलमध्ये बराच वेळ लिहिलं. कुंपण नाही. दगड जागच्या जागी राहील, अक्षरं पुन्हा कोरली जातील. अट एकच, दूध नको.

भुआजींनी क्षणभर डोळे मिटले. "दूध पोटात, पाणी दगडावर. मंजूर."

जूनमध्ये तेगबीरनं ती ओळ कोरली आणि मग स्कॉटलंडमधल्या एका किल्ल्याच्या कामाला गेला. दहा महिन्यांसाठी. निघताना गाडीच्या दाराशी घुटमळला.

"किरत... एक सांगायचं होतं."

"सांग ना."

"तो... दिवा तुझ्याकडेच राहू दे."

दिवा! मी घरी येऊन तो कपाटावर ठेवला आणि त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. दर रविवारी त्याचा फोन यायचा. पाऊस, चुना, किल्ल्याची भिंत, भुआजींची तब्येत, सगळं बोलायचा. नेमकं ते एक सोडून. मीही विचारलं नाही. मला भीती वाटत होती, की आम्हीही नुसतेच वाटेवर राहू.

यंदाच्या बैसाखीला तो येतो म्हणाला होता. दहा वाजता. भुआजींनी मोठं पातेलंभर खीर आणली होती, निम्मं गाव चर्चच्या भिंतीपाशी वाट्या घेऊन उभं होतं, मिसेस प्रिचर्ड दुसऱ्यांदा वाढून घेत होत्या. अकरा वाजले. फोनवर त्याचा निरोप आला, एकच ओळ.

वाटेत आहे.

"झालं!" एक बीबी म्हणाली. "पगडीचा पहिला वेढा."

सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही. मी बादलीत स्वच्छ पाणी घेतलं, दगडापाशी बसले आणि शेवटच्या ओळीवरून ब्रश फिरवू लागले. नवी अक्षरं डोळ्यांसमोर धूसर झाली. एवढी पाच वर्षांची पोर, आणि किती वर्षं वाट बघते आहे.

"इतक्या जोरात नाही," मागून कुणीतरी म्हणालं. "दगड दुखतो."

मी वळले. जांभळी पगडी, अगदी नीट बांधलेली. डोळ्यांखाली जागरण.

"तू... तू तर वाटेत होतास!"

"होतो. दहा महिने." तो माझ्यासमोर गवतात बसला. "रोज तुला सांगायला निघायचो, किरत, आणि रोज अर्ध्यातून परतायचो. तुझ्यावर प्रेम आहे माझं. त्या ताडपत्रीखाली होतं, त्याआधी बुटात दूध गेलं तेव्हाही होतं. आज फाटकापाशी उभं राहून तो शेवटचा निरोप पाठवला. म्हटलं, आता पुन्हा वाटेत राहायचं नाही."

"मग?"

"पोचलो."

ब्रश मी त्याच्या हातात दिला... आणि हात सोडला नाही.

सातही बीबींनी वाट्या खाली ठेवल्या. भुआजी आल्या, आमच्या हातांकडे पाहिलं, दगडावरच्या ओळीकडे पाहिलं, आणि ओढणीनं डोळे पुसले.

"पोचलास ना?" त्या म्हणाल्या. "मग बादली उचल. पोर केव्हाची आंघोळीसाठी खोळंबली आहे."