ऑब्रीमामाची रम

हॅलिफॅक्सपासून तासाभरावरच्या आमच्या गावात, महायुद्धात गेलेल्यांच्या नावांचा दगड आहे. त्यावर ऑब्रीमामा नाही. आजीनं हयातभर त्याला मेला म्हणू दिलं नाही आणि स्मारकाच्या समितीला मृत्यूच्या दाखल्याशिवाय अक्षर कोरता येत नाही.

"मी जायच्या आत त्याचं नाव घालून घे," असं हिल्डामावशी म्हणाली आणि माझा छळ सुरू झाला. मावशी त्र्याण्णवची, मामाची धाकटी बहीण. मी चाळीस वर्षं मासळीच्या कारखान्यात साठ्याच्या वह्या लिहिल्या. दुसऱ्याच्या वहीतली चूक मला दारातून दिसते.

दाखल्यासाठी मी नौदलाच्या जुन्या दप्तराकडे अर्ज केला. पहिल्या पाकिटात मामाचा सेवापट आला. बॉयलरवर कामाला. बोट नऊ फेब्रुवारी बेचाळीसला बुडाली, कुणी वाचलं नाही. सोबत रमच्या नोंदवहीच्या प्रती. नौदलात तेव्हा रोज अकराला रम मिळे. पिणाऱ्यापुढे 'जी', न पिणाऱ्यापुढे 'टी', आणि सही दोघांचीही. मामापुढे टी.

मावशी हसली. "पाळलं म्हणजे गाढवानं. धक्क्यावर शपथ घातली होती मी, मी जिवंत आहे तोवर थेंबाला शिवायचं नाही. आमचा बाप बघितला होता ना आम्ही."

सह्या मात्र मार्च अखेरपर्यंत होत्या. मी दप्तरातल्या कारकुनाला, पाइकना, फोन लावला.

"बाई, सही आहे म्हणजे माणूस हजर. हजर माणसाचा दाखला कसा देऊ?"

"बोट फेब्रुवारीत बुडाली, पाइकसाहेब."

"बोटींचं टेबल वेगळं. नव्यानं अर्ज करा."

केला. दुसऱ्या पाकिटातल्या सह्या अठ्ठावन्न सालापर्यंत. पुन्हा फोन, पुन्हा अर्ज, पुन्हा माझ्याच खर्चाची तिकिटं. तिसऱ्या पाकिटात त्र्याहत्तरपर्यंत.

"नौदलानं रम बहात्तरलाच बंद केली हो," मी ओरडलेच.

पाइक म्हणाले, "ते माझ्याही ध्यानात आलंय. पाकिटात मी घालतो तेव्हा पानं कमी असतात."

असल्या माणसाशी काय बोलणार?

मी प्रती मावशीपुढे टाकल्या. तिनं सहीवरून बोट फिरवलं. "आमच्या आडनावातला, हिमेलमनचा एच शिडीसारखा काढायचा. मास्तरांच्या छड्या खाल्ल्या, पण सोडला नाही." मग विचारलं, "अजून टी आहे ना?"

"आहे."

"बरं," ती म्हणाली आणि पानं घडी घालून उशाखाली ठेवली.

सतरा ऑक्टोबरला, गुरुवारी, सकाळी साडेनऊला मावशी गेली.

दुपारी मी पाइकना अर्ज मागे घेत असल्याचं कळवलं. कारणही सांगितलं.

"किती वाजता गेल्या?"

"का? त्याचाही दाखला हवाय?"

"नको," ते हळू म्हणाले. "वही समोर उघडी आहे, म्हणून विचारलं."

पुढच्या आठवड्यात दगडावर अक्षरं कोरणारा गडी वर्षातून एकदा येतो तसा आला. मावशीच्या इच्छेखातर समितीनं दाखल्याशिवायच मामाचं नाव घालायचं ठरवलं होतं. छिन्नी काढून गडी विचारू लागला, तारीख काय घालू?

त्याच सकाळी न मागता आलेलं पाकीट माझ्या पर्समध्ये होतं. मी तिथंच फोडलं. आत एकच पान.

गुरुवार, सतरा ऑक्टोबर. वेळ अकरा. शिडीसारखा एच.

"तारीख, बाई?"

मी त्याला परत जा म्हणाले.

टी एका रेघेत खोडली होती. शेजारी जी.