दार उघडायचं न्हाई

बिलोलीची गौसिया लातूरला आली ती खोली शोधायला. धाकटी मनतशा डॉक्टरकीच्या परीक्षेचे क्लास करणार होती, आणि पोरीला परगावी एकटी ठेवायला आईचा जीव धजत नव्हता. थोरली हुस्ना दोन वर्षांपूर्वी तापाने गेली, तेव्हापासून धाकटीचा हात तिला सोडवत नसे. शिलाई मशीन आणून ती इथंच राहणार होती.

पण क्लासेसच्या त्या भागातली भाडी ऐकूनच पाय मागं फिरत. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीलाही दहा हजार! चौथ्या दिवशी एका डाळमिलच्या मागं तिला तीन मजली इमारत सापडली. हवेशीर, स्वच्छ, भाडं निम्मं. निम्म्या खोल्या मात्र रिकाम्या.

“का हो मावशी?”

घरमालकीण शिवगंगाबाईंनी पदर सावरला. “खोटं सांगणार न्हाई, बाई. सांजच्या पाचच्या सुमाराला जिन्यावर पाय वाजतेत. ज्याचं कुणी गेलंय, त्यालाच ऐकू येतेत. दारापाशी थांबतेत. तेवढं दार उघडायचं न्हाई.”

“भिऊन जातात लोक?”

“भिऊन कुणीच गेलं न्हाई. दार उघडलं, की येणारं पुन्हा येत न्हाई. मग रिकामा जिना सोसत न्हाई त्यांला...”

गौसियानं त्याच दिवशी सामान लावलं.

दुसऱ्या दिवशी पाचला ती काज करत होती. मनतशा सहाला यायची. खाली डाळमिलची घरघर थांबली, आणि जिन्यावर चप्पल वाजली. एक पाय टेकत, दुसरा किंचित ओढत... गौसियाच्या बोटात सुई रुतली. लहानपणी मोडलेला हुस्नाचा डावा पाय. पावलं दाराशी थांबली. दाराच्या फटीतून खोबरेल तेलाचा वास आला. हुस्ना रोज तेच लावून धाकटीच्या दोन वेण्या घालायची.

गौसिया दाराला पाठ लावून बसली. पलीकडे कुणीतरी तसंच टेकून बसल्यासारखं लाकूड कोमट लागत होतं.

मग रोजचंच झालं. पाच वाजायच्या आत ती काम आवरी, केस विंचरी, दाराला टेकून बसे. मनतशाला तिनं काही सांगितलं नाही. सारा दिवस ती त्या वेळेसाठी जगू लागली.

एकदा क्लास लवकर सुटला. हुस्नाची पावलं दाराशी थांबली होती, तेवढ्यात खालून मनतशाचे बूट धडधडत वर आले. आणि दारापाशीच थांबले. कडी वाजली नाही. हाक आली नाही.

“मनतशा?” गौसिया कुजबुजली.

खोबरेलाचा वास दाटत चालला. कडीवर हात ठेवून ती उभी राहिली. उघडलं तर एक कायमची जाणार... आणि नाही उघडलं तर?

तिनं दार उघडलं.

बाहेर मनतशा एकटीच, झोपेतून उठल्यासारखी. जिना रिकामा.

“अम्मी, रडून का राहिलीस?”

गौसियानं तिला छातीशी धरलं. पोरीच्या डोक्यावरची ओढणी घसरली. सकाळी पोर मोकळ्या केसांना नुसता चाप लावून गेली होती.

“वेणी कुणी घातली गं?”

“वेणी? कुणी न्हाई...” मनतशानं केसांना हात लावला, आणि तिचा चेहरा उतरला.

उजवी वेणी तेल लावून घट्ट घातलेली होती. डावी अर्ध्यावरच सुटली होती.