बाल्दोमेरोचा डावा पाय

आमच्या लास पाताग्वासला गाडीखाली कुणी मेलं, की रुळांच्या कडेला, त्याच जागी, त्याच्यासाठी पत्र्याचं वीतभर घर बांधतात. त्याला अनिमिता म्हणतात. आत्मा तिथंच राहतो आणि मेणबत्ती लावली की नवसाला पावतो.

बाल्दोमेरो फाटकवाल्याचा फक्त डावा पाय गेला. रेल्वेच्या दवाखान्यात टाके मीच घातले. मी डावखुरा, माझी गाठ उलटी पडते. पाय मात्र गावातल्या बायकांनी रीतसर पुरला आणि वर घर बांधलं.

पाय पावू लागला. कुणाची गाय सापडली, कुणाचा जावई सुधारला.

"एकोणतीस वर्षं माझ्याजवळ होता," बाल्दोमेरो कुरकुरायचा. "एकदा वेळेवर उचलला गेला नाही मेला!"

बावीस वर्षांनी त्याच्या नेलिदाचं लग्न निघालं. आमच्याकडे बाप लेकीबरोबर क्वेका नाचतो, टाचा आपटत. लाकडी पायानं नाचणं म्हणजे सुताराचं काम. नेलिदानं बजावलं, "बाबा, तुम्ही नाही तर मीही नाही."

"डॉक्टर, त्याच्याकडेच मागतो. नाच झाला की परत."

"स्वतःच्याच पायाला नवस?"

"गावाला पावतो, मी काय परका आहे?"

"टोपी काढून माग," त्याची बायको हर्मिन्या म्हणाली. "आता तो मोठा झालाय."

रविवारी, भर दुपारी, तो एकटा रुळांकडे जाऊन आला आणि नाचला. रुमाल फिरवत, दोन्ही टाचा आपटत. नेलिदा रडत रडत नाचत होती.

"लाकूड वाजत नाहीये," हर्मिन्या पुटपुटली.

मी शास्त्र शिकलेला माणूस. उठून अनिमितेपाशी गेलो. दारात लाकडी पाय उभा होता, पट्टे नीट गुंडाळलेले. परत येऊन हर्मिन्याशेजारी बसलो आणि वाइनचा ग्लास धरला.

नाच संपला. बाल्दोमेरो रुळांकडे गेला आणि तासाभरानं खट् खट् करत परतला.

"जरा ठणकतंय, डॉक्टर."

सवयीनं मी त्याची विजार वर केली आणि लाकडी पायाचे पट्टे सोडले.

टाके ताजे होते.

गाठ उलटी.

"कुणी घातले?"

"काय थट्टा करता? आत्ताच तर तुम्ही!"

मी हर्मिन्याकडे पाहिलं.

"डॉक्टर तर तासभर इथून हललेच नाहीत," ती म्हणाली.

मी ग्लास खाली ठेवला. काचेवर, माझ्या बोटांच्या जागी, आयोडीनचे चार ओले डाग होते.