सालोमीची काच

१९८६ साली सातिवलीच्या एका गाळ्यात आमची छोटी प्रयोगशाळा होती. अँटिबॉडीच्या बाटल्या बाजारात जाण्याआधी आम्ही तपासायचो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी आजाराशी लढायला उठल्या की अँटिबॉडी त्यांना चिकटते आणि निळ्या दिव्याखाली त्या हिरव्या दिसतात. निरोगी रक्त काळंच राहतं. तुलनेसाठी असं रक्त घरच्यांचंच आणायचं, हा आमचा रिवाज. माझी बायको सालोमी हात पुढे करत म्हणाली होती, "फ्रेडरिक, आधीच रक्त पितोस, आता काढूनही नेणार?"

ऑगस्टात सालोमी तापानं चार दिवसांत गेली. मागे राहिली सात वर्षांची एमिली, आणि प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये सालोमीचं रक्त पसरलेली शेवटची काच. त्यानंतर रोज रात्री मी उठून एमिलीचं कपाळ चाचपायचो.

नोव्हेंबरात एका सकाळी एमिलीला कणकण होती. रजा उरली नव्हती, म्हणून तिला शेजारच्या क्लेमेंटीनमावशीकडे ठेवून मी कामावर गेलो. नवी बाटली आली होती. निरोगी रक्त म्हणून मी सालोमीची काच काढली.

त्यातल्या पेशी गेल्या वर्षीच औषधात बुडवून मारलेल्या. मेलेली पेशी कशाशीही लढायला उठत नाही. तरी सगळ्या हिरव्या पेटल्या होत्या.

"बाटली बिघडलीय," माझा सहकारी युजीन म्हणाला. त्याच बाटलीनं त्यानं स्वतःचं रक्त तपासलं. ते काळंच होतं.

"बघत बसू नकोस," तो जाताना म्हणाला. "दिव्याखाली विझतं ते."

हे मीच त्याला शिकवलं होतं. मी मोजमाप करणारा माणूस, भुताखेतांच्या गोष्टींना हसणारा. पण तीन महिन्यांनी सालोमीचं काहीतरी जिवंत दिसत होतं आणि मला सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढवेना. डबा तसाच राहिला. मी पोरासारखा रडलो. "सालोमी, ये गं," एवढंच पुटपुटत राहिलो.

एकेक पेशी विझत गेली.

तीन वाजता शेवटची विझली.

संध्याकाळी क्लेमेंटीनमावशी दारातच उभी होती. "दिवसभर हसतखेळत होती रे पोर. तीनला एकदम ताप भरला. डॉक्टरांना निरोप धाडलाय."

एमिलीचं अंग भाजत होतं.

"पप्पा, आई सकाळपासून माझ्यापाशी बसली होती," ती म्हणाली. "तू बोलावलंस म्हणून उठून गेली."