या एकदा भाईंदरला

जानेवारीतल्या एका दुपारी क्षितिजा नाईक भाईंदर पूर्वेला स्टेशनबाहेरच्या दुकानात तीन माकडटोप्या घ्यायला गेली. दुकानात पंखा चालू होता. "मॅडम, इधर ठंडी आती किधर है," म्हणत दुकानदाराने माळ्यावरून खोका काढला. टोप्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. एक करडी, एक चॉकलेटी आणि एक अशा हिरव्या रंगाची, की ती आईनेच घालावी हे न बोलता ठरलं.

कारण होतं आईचे गुडघे. डॉक्टर म्हणाले होते, शेक द्या. तो गरम पाण्याच्या पिशवीनेही देता आला असता. पण उत्तम नाईकांनी म्हणजे पप्पांनी नुकतीच व्हीआरएस घेतली होती, आणि त्यांच्या हाती एक पत्रक पडलं होतं. 'हिमाचलच्या कुशीत बर्फ, गरम पाण्याची कुंडं, मालिश आणि विश्रांती. स्कीइंगची सक्ती नाही.' शेवटचं वाक्य पप्पांना फारच आवडलं. "सक्ती नाही, हे बरंय," ते म्हणाले. जणू आजवर लोक त्यांना घराबाहेर गाठून पायांना फळ्या बांधत होते.

क्षितिजाला जायचं नव्हतं. पण आईला धरून पाण्यात उतरवायला कुणीतरी हवं होतं. तेव्हा तिने सौदा केला.

"मला गॅलरीला दार पाहिजे. आतून कडीवालं."

"घरातल्या घरात कडी कशाला?" पप्पांनी विचारलं.

"घरातल्या घरात म्हणूनच."

हे नीट कळायला पप्पांची खोड माहीत हवी. हा माणूस भेटेल त्याला घरी बोलवायचा. रिक्षावाल्याला, पासपोर्टच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्याला, एकदा तर राँग नंबरलासुद्धा. "या ना एकदा भाईंदरला. स्टेशनपासून पाच मिनिटं. सगळ्यांना घेऊन या." मनात काही नसायचं, जांभईसारखं ते आपोआप तोंडातून निघायचं. पण शंभरातले चारजण खरंच यायचे. वन बीएचकेत पाहुणा झोपणार कुठे? काचा लावून बंद केलेल्या गॅलरीत. म्हणजे क्षितिजाच्या पलंगावर. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा आठवड्यावर आली असताना सावंतवाडीचे नऊजण उतरले होते. त्यांचं नातं काय, हे आजतागायत कुणाला सांगता आलेलं नाही. तिने थर्मोडायनॅमिक्स जिन्यात बसून वाचलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला "हो, अभ्यास" असं सांगितलं. ती नापास झाली. मग तिने कॉलेजच सोडलं, सेकंडहँड कॉम्प्युटर घेऊन लोकांचे प्रोजेक्ट टाइप करायला लागली. वडीलधाऱ्यांचा निकाल लागला, पोरीचं लक्षच नव्हतं. बी विंगमधले सोसायटीचे सेक्रेटरी सुभाषकाका तर दर सत्यनारायणाला तिच्यासमोर म्हणायचे, "हुशार होती हो मुलगी." होती.

तर, दार. पप्पांनी कबूल केलं, आणि तिघं निघाली.

तो रिसॉर्ट म्हणजे देवदारांच्या उतारावरचं एक लाकडी घर होतं. बर्फ इतका मुका पडत होता, की आईने दोनदा कानातला कापूस काढून पाहिला. बाकीचे प्रवासी दरीपलीकडे स्कीइंगला गेले होते. इथे फक्त ही तिघं आणि ईश्वर नावाचा कुंडाचा राखणदार. चेहरा अक्रोडासारखा, बोलणं मोजकं.

कुंडाची खोली दगडी होती, दरीच्या बाजूला उघडी. मधोमध फळ्यांचा पडदा, एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष. पाण्यातून वाफा उठत होत्या आणि शंभर काड्यापेट्या एकदम पेटवून विझवल्यासारखा गंधकाचा वास येत होता. ईश्वरने प्रत्येकाला निळ्या पट्ट्याचा टॉवेल दिला आणि म्हणाला, "उठते वक्त पानी की तरफ देखके बोलना है, आप यहीं बैठो."

"किसको बोलना है?" क्षितिजाने विचारलं.

"जो भी बैठा हो।"

"और नहीं बोला तो?"

ईश्वरने टॉवेलाची घडी पुन्हा घातली. "बोल देना।"

आईने लगेच हात जोडले. पप्पा हसले. "अंधश्रद्धा. आपण शिकलेली माणसं." या शिकलेल्या माणसाच्या स्कूटरला दर शनिवारी नवं लिंबू-मिरची लागायचं.

साडेतीनलाच सूर्य डोंगराआड गेला. वाफ दाटली. आई गळ्यापर्यंत पाण्यात बसून हिरव्या टोपीसकट "अगं आई गं, काय बरं वाटतंय" म्हणत होती, आणि क्षितिजालाही वर्षभरात पहिल्यांदा खांदे सैल झाल्यासारखं वाटलं. तेवढ्यात पडद्यापलीकडून पप्पांचा आवाज आला.

"मुंबई से... हां, वैसे मुंबई ही, भाईंदर... नहीं नहीं, स्कीइंग नहीं, सक्ती नहीं है..."

समोरचा काय म्हणत होता ते ऐकू येत नव्हतं. फक्त पाणी अधूनमधून डुचमळत होतं... मग पुन्हा पप्पा. "आपका परिवार?... अच्छा, सब यहीं रहते हैं..."

क्षितिजाने फळ्यांच्या फटीतून पाहिलं. पप्पा करडी टोपी घालून पाण्यात, एकटेच. वाऱ्याने आत आलेला बर्फ समोरच्या दगडी काठावर साचत होता. एका जागी मात्र साचत नव्हता. माणूस बसेल एवढ्या जागी. त्या जागेशेजारी आणखी काही जागा तशाच कोरड्या होत्या, पण तेवढ्यात वाफ आडवी आली.

"चला, निघतो," पप्पा पलीकडे म्हणाले. "आओ ना एक बार भाईंदर. स्टेशन से पाँच मिनट. सबको लेके आना."

इकडे आई पाण्याकडे बघून, देवळात बोलावं तसं म्हणाली, "आप यहीं बैठो." पलीकडे कुणीच काही म्हणालं नाही.

"कोण होतं?" खोलीत आल्यावर क्षितिजाने विचारलं.

"भला माणूस. वाफेत चेहरा काही दिसला नाही. फार बोलत नव्हता."

"हॉटेलात आपण तिघंच आहोत, पप्पा."

"गावातला असेल. तुला प्रत्येकात खोट काढायची सवयच आहे."

आईचे गुडघे मात्र खरंच सुधारले. हे नमूद करायला हवं, कारण पुढे जे झालं त्यात एवढंच चांगलं होतं.

भाईंदरला परत येऊन आठ दिवस झाले. उत्तनचा नाथा सुतार गॅलरीचं माप घेऊन गेला, दार तयार झालं, शुक्रवारी बसवायचं ठरलं. बुधवारी अकरा वाजता क्षितिजा कुणाचा तरी प्रोजेक्ट पोचवून घरी आली, तर स्वयंपाकघरात आई आणि पप्पा ओट्याला टेकून कुजबुजत होते.

"तुझ्या माहेरचे ना?" पप्पा.

"माझ्या? मला वाटलं तुमच्या ऑफिसातले."

"मग नाव विचारलं का नाहीस?"

"असं कसं तोंडावर विचारायचं? वाईट दिसतं ते."

क्षितिजाने गॅलरीत डोकावलं. तिच्या पलंगावर एक म्हातारा बसला होता. लोकरीचा करडा कोट. अनवाणी पाय, कापसासारखे पांढरे. खांद्यावर निळ्या पट्ट्याचा टॉवेल. बाहेर ऊन तापलं होतं, आणि गॅलरीच्या काचा आतून वाफेने पांढऱ्या झाल्या होत्या. विझलेल्या काड्यापेट्यांचा वास.

ती उलट्या पावली स्वयंपाकघरात आली. "तुम्ही त्यांना काय म्हणालात? नेमकं काय म्हणालात?"

"काय म्हणणार?" आई म्हणाली. "दारात उभे होते बिचारे. बसा म्हटलं. ते इकडेतिकडे बघायला लागले, तर गॅलरी दाखवली. म्हटलं, आप यहीं बैठो, आराम से."

तीन दिवस तो बसून राहिला. जेवला नाही, झोपला नाही, काही मागितलं नाही. आई दर चार तासांनी चहा नेऊन ठेवायची. कप तसाच परत यायचा, वर सायीऐवजी बर्फाची पापडी. "शुगर असेल त्यांना," आई म्हणाली, आणि पुढचा कप बिनसाखरेचा नेला. पप्पांनी एकदा समोर बसून राजकारणावर अर्धा तास बोलून घेतलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "चांगला अभ्यास आहे माणसाचा." दात वाजत होते, तरी करडी टोपी घालून हॉलमध्ये बसून राहिले. जा म्हणून सांगायचं दोघांच्याही मनात आलं नाही. त्यांच्या घरात पाहुण्याला जा म्हणत नसत. पोरीला सरक म्हणत.

शुक्रवारी नाथा दार घेऊन आला. आत बघून म्हणाला, "म्हातारबा हाय आत. असा दार लावता येत न्हाय." हत्यारं न उघडता गेला.

तेव्हा मात्र क्षितिजाचं डोकं फिरलं. तिने दोन स्वेटर घातले, आत गेली आणि पलंगासमोर उभी राहिली.

"आजोबा, उठा. ये मेरी जगह है."

म्हाताऱ्याने वर पाहिलं. डोळे वाईट नव्हते. थकलेले होते, आणि फार दूरचे. "बैठने को... बोला था," तो म्हणाला. तोंडातून वाफ आली नाही. तिच्या आली.

ती बाहेर आली आणि पत्रकावरच्या नंबरवर फोन लावला. बऱ्याच खरखरीनंतर ईश्वर बोलला. तिने सगळं सांगितलं.

"बिठा दिया तो बैठेगा," तो म्हणाला. "कोई और न्योता दे, तभी उठेगा।"

"म्हणजे दुसऱ्या घरी बोलवायचं?"

"दिल से बुलाना पड़ता है।" मग थोडं थांबून, "बेटी... अकेला आया है?"

"हां, एकटाच."

"ठीक से देखा?"

आणि लाइन गेली.

मनापासून कुणाच्या घरी पाठवायचं, यावर क्षितिजाला विचार करावा लागला नाही. ती परत गॅलरीत गेली, पप्पांच्या आवाजात जेवढा गोडवा असतो तेवढा आणला आणि म्हणाली, "आप सुभाषकाका के यहाँ आओ ना. बी विंग, तीनशे दो. बड़ा हॉल है. बहुत मिलनसार आदमी है." आयुष्यात इतक्या मनापासून तिने कुणाला निमंत्रण दिलं नव्हतं.

म्हातारा उठला. घोट्यांचा कटकट आवाज झाला. टॉवेल सावरत, लाद्यांवर ओली पावलं उमटवत तो निघाला. आई मागून दारापर्यंत गेली. "इतक्यात निघालात? या हं परत," असं तिच्या तोंडून निघणार होतं. क्षितिजाने तिच्या तोंडावर हात ठेवला.

शनिवारी सुभाषकाका जिन्यात भेटले, मफलर गुंडाळून. "पाहुणे आलेत आमच्याकडे," ते पप्पांना म्हणाले. "आमच्या हिच्या माहेरचे असावेत. फार बोलत नाहीत." क्षितिजा इतकी हसली, की तिला कठडा धरावा लागला.

रविवारी नाथाने दार बसवलं. सागवानी नव्हतं, साधं प्लायवूडचं, पण कडी पितळी होती. दुपारी आईपप्पा टीव्ही बघत बसले असताना क्षितिजा आत गेली, दार लोटलं, कडी घातली. तो आवाज तिने तीन वर्षं ऐकायचा राखून ठेवला होता. ती खुर्चीत बसली, कॉम्प्युटर सुरू केला. कधी नव्हे ते घरात कुणीही तिला सरक म्हणू शकत नव्हतं.

मॉनिटरची काच धुरकटली. तिने बोटाने पुसली, पुन्हा धुरकटली.

तिने काचांकडे पाहिलं. वाफ अजून तशीच होती, आणि वाफेत हात उमटले होते. म्हाताऱ्याचे नव्हेत. त्याहून लहान... काही फारच लहान, खालच्या चौकटीपाशी. तिला कुंडाचा काठ आठवला. बर्फ न साचलेल्या त्या बाजूच्या जागा. आणि पप्पांचा आवाज. सबको लेके आना.

मागे पलंगावर चादर हलली. माणसं जरा सरकून घेतात आणि शेजारच्याला जागा करून देतात, तशी.

"आप यहीं बैठो," एका बाईचा आवाज म्हणाला. अगदी अगत्याने.

क्षितिजाने उठायचा प्रयत्न केला.

बाहेर हॉलमध्ये फोन वाजला. पप्पांनी उचलला. कुणाचा होता कोण जाणे. "या ना एकदा," ते म्हणत होते, "नवीन खोली केलीय आता, वेगळी, दारबीर आहे..." मग फोन ठेवून ते गॅलरीपाशी आले आणि दारावर टकटक केली.

त्या घरात वडीलधाऱ्या माणसाने तिच्यासाठी दार वाजवायची ती पहिलीच वेळ होती. कडी हातभर अंतरावर होती.

"क्षितिजा," पप्पा म्हणाले, "आत कुणी आहे का गं? बोलल्याचा आवाज येतोय... चहा टाकायला सांगू का? किती कप?"